सहा नंबरच्या सशाचं शेपूट

आ-मानला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते सकाळच्या बाजारात, आ-ताओ मावशीच्या भाजीच्या पाट्यांसमोर. रताळ्याच्या पाल्याच्या जुड्या एकेक उचलून ती नाकाशी धरत होती. भाजी घेताना बायका देठ मोडून बघतात, पानं उलटून कीड बघतात. वास घेणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

"अगं, फुलं आहेत का ती?" मावशी ओरडली. "रोज बारा जुड्या नेतेस. घरी नवऱ्याला दावणीला बांधलायस की काय?"

"नवरा असता तर त्याला मांस लागलं असतं," आ-मान पुढची जुडी उचलत म्हणाली. "माझे आठजण पाल्यावर खूश आहेत. मागच्या आठवड्यात मात्र तुमच्या पाल्याला फवाऱ्याचा वास होता. दोघांची पोटं बिघडली."

"आठ पोरं!" मावशीनं कपाळाला हात लावला.

"लांब कानांची," आ-मान म्हणाली, आणि बारा जुड्या मोजून पिशवीत भरून निघून गेली. आम्ही दोघी हसत होतो. ती हसली नव्हती. पोटं बिघडल्याचं तिला खरंच लागलं होतं.

पुढे कळलं की ती आमच्याच गल्लीत राहते, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. वेंग घराण्यातली चौथी मुलगी. तिच्या नावाचा अर्थ 'पुरे'. तिसरीपर्यंत आईवडिलांनी धीर धरला होता. चौथीच्या वेळी त्यांनी देवाला नावातूनच कळवून टाकलं. "आणि दोन वर्षांनी भाऊ झाला," ती सांगायची. "म्हणजे नाव लागू पडलं. ऐकणाऱ्यानं ऐकलं." सहावी झाल्यावर तिची शाळा सुटली. आधी छत्र्यांच्या कारखान्यात, मग शहराच्या टोकाला असलेल्या वैद्यकीय कॉलेजात काचा धुवायला ती लागली. काचा धुता धुता यान सरांच्या प्रयोगशाळेतलं एकेक काम तिच्याकडे आलं. मी तिला ओळखू लागले तेव्हा तिला तिथे नऊ वर्षं झाली होती. ससे तिचे, मेंदूचे काप करायचं यंत्र तिचं, रंगकामही तिचंच. नोकरी मात्र कायमची नव्हती. दर जुलैअखेर वर्षभराचा नवा करार व्हायचा.

रविवारी दुपारी ती माझ्याकडे यायची. रिकामं बसणं तिला जमत नसे. मी वह्या तपासत असले तर ती स्वयंपाकघरातून काहीतरी सोलायला, निवडायला घेऊन समोर बसायची. मी चाळीस वर्षं माध्यमिक शाळेत भाषा शिकवली. नसा, मेंदू यातलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते तिच्याकडून.

"बाई, नस म्हणजे नुसती नळी नाही," एकदा बांबूचा जून कोंब उभा चिरून मला दाखवत ती म्हणाली. "हे आत उभे तंतू दिसतात ना, तसे नसेतही असतात. त्यांच्यामुळे नस धरून राहते. यान सरांचं त्यांना मोठं नाव आहे, न्यूरोफिलामेंट. मी धागे म्हणते. हे धागे डोळ्याला दिसत नाहीत. साधा रंग लावला तर तो सगळ्यालाच लागतो. मग सशाला विचारायचं."

"सशाला?"

"डुकराच्या कण्यातून धागे काढून सशाला थोडे थोडे टोचायचे. सशाच्या रक्ताला ते परके वाटतात. रक्त त्यांची ओळख पक्की करून ठेवतं. दोन महिन्यांनी कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, वरचं पिवळं पाणी काढून घ्यायचं. ते पाणी मेंदूच्या कापावर टाकलं की नेमकं धाग्यांनाच जाऊन चिकटतं, बाकी कशाला नाही. मग त्यावर रंग चढवला की धागे तपकिरी."

"म्हणजे ससा ओळखपरेड करतो."

"हो. आणि आरोपीला हात लावून दाखवतो."

पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात. आ-मान 'सशाचं पाणी' म्हणायची. सशांना तिनं नावं दिली नव्हती, नुसते नंबर. नाव दिलं की सुई टोचताना हात अडखळतो, असं तिचं म्हणणं. तरी सहा नंबरबद्दल बोलताना तिचा आवाज जरा बदलायचा. त्याचं पाणी इतकं उत्तम होतं की एक थेंब हजारपट पातळ केला तरी धागे उठून दिसत. वर्षातून एकदा कॉलेजच्या आवारातल्या स्मारकाच्या दगडापुढे प्रयोगात गेलेल्या जनावरांसाठी उदबत्त्या लावत, फळं ठेवत. आ-मान तिथे रताळ्याचा पाला ठेवायची. "सफरचंदं काय तुम्हीच खाणार नंतर," ती डॉक्टरांना म्हणायची. "त्यांना आवडायचं ते ठेवा की."

ती पस्तीस वर्षांची असताना, एका उन्हाळ्यात, प्रयोगशाळेत घोळ सुरू झाला.

डॉक्टर काओ नावाचे तरुण संशोधक यान सरांच्या हाताखाली काम करत होते. तुटलेली नस पुन्हा किती वाढते, हे ते उंदरांच्या पायात बघत. त्यासाठी दर वेळी दोन काप घेत. एकावर सहा नंबरचं पाणी टाकत. त्यावर धागे दिसायला हवेत. दुसऱ्यावर साध्या सशाचं, काहीही न टोचलेल्या सशाचं पाणी टाकत. त्यावर काही दिसता कामा नये. दुसरा कोरा राहिला तरच पहिल्यावर विश्वास ठेवायचा. मार्चपासून हा हिशेब बिघडला. कधी दोन्ही काप तपकिरी, कधी दोन्ही कोरे, आणि एकदा तर उलटंच: कोरा राहायचा तो रंगला, रंगायचा तो कोरा.

"मान-ताई, तुमचं धुणं घाईचं होतंय," काओ सगळ्यांसमोर म्हणाले.

जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून प्रत्येक काप पाच मिनिटं धुवायचा असे, तो ती दहा मिनिटं धुऊ लागली. घड्याळ समोर ठेवून, ओठ हलवत मोजायची. तरी तेच. रविवारी माझ्याकडे आली की आपल्या हातांकडे बघत बसायची. "बाई, हाताला म्हातारपण कधी येतं हो? डोळ्यांच्या आधी की नंतर?"

जूनच्या मध्यावर यान सरांनी निकाल दिला. "हिचा हात मी बारा वर्षं बघतोय. धुण्यात दोष नाही. दोष सशात आहे. सहा नंबरचं पाणी बिघडलंय. ते सगळं टाकून द्या, आणि शुक्रवारी त्याला मोकळा करा."

मोकळा करणं म्हणजे काय हे आम्हा दोघींना माहीत होतं.

आपली बाजू कुणीतरी घेतली याचं समाधान आणि सहा नंबरचं दुःख, दोन्ही घेऊन ती त्या आठवड्यात गुरुवारीच माझ्याकडे आली. माझ्या शाळेच्या सहामाही परीक्षा आटोपल्या होत्या, टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. ती कोंब सोलायला बसली. मी लाल पेन घेऊन तपासत होते आणि हळूहळू माझा पारा चढत होता.

आमच्याकडे एक जुनी म्हण आहे: झाडाच्या बुंध्याशी बसून सशाची वाट बघणे. एका शेतकऱ्याच्या शेतात ससा धावत येऊन बुंध्यावर आपटून मेला. तेव्हापासून हा नांगर टाकून बुंध्याशी बसला, उद्याही येईल म्हणून. ती म्हण मी परीक्षेत लिहायला दिली होती. आमच्या चित्रलिपीत ससा या सबंध शब्दाचं एकच अक्षर असतं; ते लिहून झालं की खाली उजवीकडे एक ठिपका द्यावा लागतो. तेच सशाचं शेपूट. तो ठिपका राहिला तर अक्षर दुसरंच होतं. त्याचा अर्थ सुटका, माफी.

"छत्तीस!" मी पेन आपटलं. "छत्तीस कार्ट्यांनी शेपूट घातलेलं नाही. शेतकरी बुंध्याशी बसून सुटकेची वाट बघतोय. मीही तेच करतेय."

आ-मान हसली. मग सुरी थांबवून म्हणाली, "राहिला ठिपका तर राहिला. कळतं की ससा आहे ते."

"कसं कळेल? ती दोन वेगळी अक्षरं आहेत."

"वेगळी?"

"अगं, फुकट वाटतात त्या वस्तूवर काय लिहिलेलं असतं? पैशातून सुटका. तिथे शेपूट असतं का?"

"नसतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, अक्षर एकच. सशाच्या वेळी शेपूट द्यायचं, एरवी नाही दिलं तरी चालतं. आमच्या मास्तरांनी शिकवलं असेल, त्या दिवशी मी शेतात असेन." थोडं थांबून तिनं विचारलं, "बाई, रोग होऊ नये म्हणून टोचतात, त्या शब्दात कुठलं असतं?"

"सुटकेचं. रोगापासून सुटका."

तिनं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला की मी उठून पाणी आणलं.

मग तिनं सांगितलं. फेब्रुवारीत, नववर्षाच्या सुट्टीनंतर, तिनं मोठ्या फ्रीजरमधला बर्फ काढून सगळे डबे पुसले होते. साध्या सशांच्या पाण्याच्या सहाव्या खेपेच्या कुप्या एका डब्यात होत्या. त्यांवर यान सरांच्या हातचं 'ससा सहा' असं लिहिलेलं. दुसऱ्या डब्यात आणखी कुप्या होत्या. त्यांवरही, तिच्या वाचण्यात, 'ससा सहा'च होतं. फक्त घाईत शेपूट द्यायचं सर विसरलेले. सर नेहमी घाईत असत. तिनं पेन्सिल घेऊन, एकेक कुपी पुसून, चाळीस कुप्यांवर चाळीस शेपटं काढली. सशाला शेपूट नको का! आणि मग, एकाच नावाचे दोन डबे कशाला अडवायचे म्हणून, दोन्ही एकात भरून ठेवले.

सर शेपूट विसरले नव्हते. टोचलेल्या सशाचं पाणी ओळखण्यासाठी त्यांनी 'रोगापासून सुटका' या लांब शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं लिहून पुढे सशाचा नंबर टाकला होता. मार्चपासून काओ शेपटाकडे न बघता एकाच डब्यातून, हाताला येईल ती कुपी उचलत होते.

"म्हणजे सहा नंबर चांगलाच आहे," मी म्हटलं.

"तो चांगला आहे," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

तिनं सोललेले कोंब एका बाजूला केले. मग हळूच म्हणाली, "सरांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, हिचा हात मी बारा वर्षं बघतोय. आता जाऊन काय सांगू? हाताला वाचता येत नाही म्हणून? जुलैअखेर दीड महिन्यावर आलीय, बाई. काओ डॉक्टर एक दिवस ठेवणार नाहीत मला."

"मग नको सांगूस," मी म्हटलं. मी हे म्हटलं, हे लिहून ठेवते. वर्गात मुलांना रोज खरं बोला म्हणून सांगत आले, आणि त्या क्षणी मला तिची खोली आणि तिच्या गावाकडच्या आईची औषधं एवढंच आठवलं. "कुणाला कळणार आहे? सगळं पाणी टाकूनच देणार आहेत."

"शुक्रवार उद्याच आहे," ती म्हणाली, आणि अर्धे कोंब तसेच टाकून गेली.

शुक्रवारी काय झालं ते तिनं मला सांगितलं ते दोन वाक्यांत. बाकीचं मला पुढे यान सरांनी सांगितलं. सकाळी साडेसातला, सर अजून टोपी काढत होते, तेव्हा ती दारात उभी राहिली. हातात तो डबा, बर्फानं बोटं पांढरी पडलेली.

"सर, पेन्सिलीचं शेपूट असलेल्या कुप्या सहा नंबरच्या आहेत. पेनाचं असलेल्या साध्या. शेपटं मी काढली. मला ती दोन अक्षरं एकच वाटायची."

सरांना आधी काहीच कळेना. मग त्यांनी चष्मा वर करून एक कुपी डोळ्यांजवळ नेली, मग दुसरी. तेवढ्यात काओ आले. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"साडेतीन महिने!" ते म्हणाले. "साडेतीन महिने मी रात्रीचा दिवस करतोय, आणि बाईसाहेब सशाला शेपटं लावत होत्या? लहान मुलांच्या चित्रकलेच्या वर्गात जा की!"

"बरोबर आहे तुमचं, डॉक्टर," आ-मान म्हणाली. "मला ओरडा. पण आधी सहाला पिंजऱ्यातून बाहेर काढायचं थांबवा. वरच्या मजल्यावर यादीत त्याची वेळ दहाची लावलीय."

सहा नंबर वाचला. त्या शनिवार-रविवारी तिनंच दोन काप रंगवले. काओ शेजारी हाताची घडी घालून उभे. एक कोरा राहिला. दुसऱ्यावर उंदराच्या पायातली तुटलेली नस आणि तिच्यातून पुढे निघालेले तपकिरी धागे दिसले, केसांहून बारीक, काही सरळ, काही वाट चुकल्यासारखे. काओंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि वही काढली.

सोमवारी संध्याकाळी यान सर अननसाच्या वड्यांचा खोका घेऊन माझ्या दारात आले. मागे आ-मान, मान खाली.

"बाई, तुमच्या परीक्षेत किती जणांनी शेपूट घातलं नाही म्हणे?"

"छत्तीस."

"माझ्याकडे एकीनं घातलं," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी कपाळ चोळलं. "चूक अर्धी माझी. सबंध शब्द लिहायला मला चार रेघा जास्त पडल्या असत्या. पण काओनं कार्यालयात लेखी तक्रार दिलीय, आणि ती खोटी नाही. मी भांडून आलो. वर्षाचा करार मिळत नाही. तीन-तीन महिन्यांचा मिळेल. आणि माध्यमिक शाळेची परीक्षा ती बाहेरून पास झाली तरच पुढचं बोलू म्हणतात. तुम्ही शिकवाल का?"

"तिला शिकायचंय का?" मी विचारलं.

"तिलाच विचारा," सर म्हणाले.

"हे काय विचारणं झालं, बाई," आ-मान खोका उघडत म्हणाली. "मी वही आणलीय."

दर रविवारी दुपारी, आणि पुढे बुधवारीही, ती माझ्या टेबलाशी बसू लागली. विद्यार्थिनी म्हणून ती सोपी नव्हती. प्रत्येक अक्षराचं कारण विचारायची. पाण्याच्या अक्षरात तीन ठिपके का, बर्फाच्या दोनच का, मग गोठताना तिसरा जातो कुठे. मी पुस्तकं उलथीपालथी करायची. कधी कारण सापडायचं, कधी मी सांगायची, "असंच आहे, पाठ कर," आणि ती नाराज व्हायची. "तुम्ही काओ डॉक्टरांसारखं बोलता," म्हणायची. तिच्याबरोबर बसून मला कळलं की इतकी वर्षं मी लाल पेनानं नुसत्या चुका मोजत आले होते. मूल ते अक्षर काय समजून लिहितंय, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर विचारू लागले. छत्तीसांतल्या अकरा जणांना तरी आ-मानसारखंच वाटत होतं.

दर तीन महिन्यांनी करार संपायचा. संपायच्या आधीच्या आठवड्यात ती जेवत नसे. मी टर्कीच्या मांसाचा भात पुढे ठेवला की चार घास चिवडायची. काओ तिच्याशी कामापुरतं बोलत. आपल्या कुप्यांवर ते स्वतः लिहीत आणि वेगळ्या फ्रीजरमध्ये कुलपात ठेवत. याचं तिला वाईट वाटायचं, पण ती म्हणायची, "त्यांच्या जागी मी असते तर कुलपाला कुलूप लावलं असतं."

पहिल्या वर्षी ती गणितात नापास झाली. भाषेत ब्याऐंशी मिळाले. निकालाच्या दिवशी ती माझ्याकडे आली नाही, सरळ सशांकडे गेली. दुसऱ्या वर्षी सगळ्यात पास झाली. त्या जुलैत तिला वर्षाचा करार मिळाला. नवा करार कार्यालयातून काओंनीच आणून दिला. तिनं तो उभ्या उभ्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अर्धा तास लागला. काओ दाराशी थांबून राहिले. "झालं का, मान-ताई?" त्यांनी विचारलं. "तिसऱ्या पानावर एक रेघ चुकलीय," ती म्हणाली, आणि खरंच चुकली होती.

सहा नंबर आणखी दोन वर्षं जगला, आणि एका थंडीत आपणहून गेला. त्याच्या पाण्याच्या कुप्या पुढे कितीतरी वर्षं पुरल्या. आता कॉलेजात ससे नाहीत. प्रतिपिंडं बर्फाच्या खोक्यातून टपालानं येतात. नसा झिजल्या की ते धागे तुटून रक्तात उतरतात, आणि ते किती उतरले हे यंत्र एका थेंबातून आकड्यात सांगतं. मागच्या वर्षी माझ्या हाताला कंप सुटला तेव्हा माझंही रक्त तिथे गेलं. चिठ्ठी घेऊन आ-मानच आली. "वयाच्या मानानं ठीक आहेत धागे," तिनं सांगितलं. "हट्टी माणसाचे असतात तसे."

यान सर वारले. काओ आता विभागप्रमुख आहेत, डोक्यावर एक काळा केस नाही. आ-मान पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. तेव्हा निरोपाच्या जेवणात काओंनी उठून सगळ्यांसमोर सांगितलं की माझा प्रबंध या बाईंमुळे साडेतीन महिने उशिरा झाला, आणि यांच्यामुळेच झाला. ती ताटातल्या माशाकडे बघत म्हणाली, "काटे आहेत, जपून खा."

दोन महिन्यांनी तिला काओंचा फोन आला. यंत्र आकडे देतं, पण धागे कुठे तुटलेत हे बघायला काप करावेच लागतात, आणि नव्या मुलींच्या हातात ते फाटतात.

आज ती सत्तर वर्षांची आहे. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातच्या बसनं ती कॉलेजात जाते आणि मेंदूचा ओला काप पाण्यावरून ब्रशनं काचेवर कसा उचलायचा ते नव्या मुलींना शिकवते.